खुरकुतीच्या सालची गाडी

बैलांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या आणि ते एकेक पाय झटकत उभे राहू लागले, तेव्हा आमच्या घरातलं बोलणंच कमी झालं. बाबा पहाटे उठून कोठ्यात जायचे, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने चांद्याचे आणि मोऱ्याचे खुर धुवायचे, आणि परत येऊन चुलीपुढे बसायचे. चहा समोर थंड व्हायचा. आई म्हणायची, खुरकूत काय आपल्याच बैलांना आलीय का, साऱ्या तालुक्यात आहे. त्याने त्यांचं समाधान होत नसे. कुरखेड्याच्या अलीकडे जंगलाला टेकलेलं आमचं गाव, आणि त्या गावात पट हाच खरा सण. बाकीचे सण पटाची वाट पाहण्यात जायचे. धान कापून झालं की बांध्यांमधले, म्हणजे धानाच्या खाचरांमधले, धुरे सपाट करून लांबच लांब मैदान काढायचं, माती नांगरून मऊ करायची, आणि त्यावरून एकेक बैलजोडी हलक्या छकडीला जुंपून घड्याळ लावून पळवायची. जिची वेळ सगळ्यात कमी, ती जोडी पहिली. बाबांची जोडी बहुतेक वेळा पहिल्या दोघातिघांत असायची. ते स्वतः अंगाने भरलेले असल्यामुळे हाकायला कधीच बसत नसत. त्यांचं काम बैल निवडण्याचं, आणि त्या कामात त्यांना मान होता. पार ब्रह्मपुरीकडचे लोक बैल घ्यायच्या आधी त्यांना सोबत घेऊन जायचे.

पटाला पाहुणे येतात, ही आमच्याकडची रीत. मुंबई-पुण्याच्या माणसांना हे सांगितलं तर हसू येतं, पण झाडीपट्टीतली कितीतरी लग्नं पटाच्या निमित्ताने जमलेली आहेत. माणसं शर्यत पाहायला म्हणून येतात, घरी उतरतात, जेवतात, आणि जाताना मुलगी पाहून जातात. त्या वर्षी मी बारावी होऊन घरी बसले होते. चंद्रपूरला नर्सिंगच्या शिक्षणाला जायचं माझ्या मनात पक्कं होतं. जूनमध्ये प्रवेश व्हायचे. बाबांना विचारलं की ते एकच उत्तर द्यायचे, "पटाले पाहुणे येऊन राह्यले न. मंग पाहू." त्यातलं 'मंग पाहू' म्हणजे काय, ते मला कळत होतं. वडशाकडचे गोविंदराव नावाचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन येणार होते. ते पटाचे जुने शौकीन, बाबांचे दोस्त. जमलं की हळद, आणि हळद लागली की चंद्रपूर संपलं. मी रडले वगैरे नाही. मी मुळात रडकी नव्हतेच. पण भांडी घासताना ती जरा जास्त जोरात आपटायचे, एवढं आईच्या लक्षात आलं होतं.

तर बैल आजारी, सरकारी डॉक्टरांनी सांगितलेलं की गुरं एकत्र आणायची नाहीत, आणि बैलबाजारही बंद. पट होणार नाही म्हटल्यावर गावात सुतक आल्यासारखं झालं. मग पटाच्या कमिटीतल्या कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की बैल नाहीत तर मोटारी पळवू. मैदान तेच, घड्याळ तेच, झेंडी तीच. तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडे जीपा होत्या, राईस मिलवाल्यांच्या पोरांकडे गाड्या होत्या. दुकानं लागतील, पाहुणे येतील, रात्री नेहमीसारखं नाटक होईल. कमिटीने ठरवून टाकलं. मला वाटलं होतं बाबा चिडतील. ते ऐकून घेतल्यावर सुपारी चघळत बसले आणि मग आईला म्हणाले, "बैलाचे पैसे ठेवले आहेत. बजार तं बंद आहे. गाडी पाहून येतो."

आई म्हणाली, "गाडीतलं काय कळते तुमाले?"

"जे पळते, ते कळते," बाबा म्हणाले.

भद्रावतीला माझा मामा, पुंडलिकमामा, कारखान्याच्या कॉलनीतल्या साहेब लोकांच्या गाड्या चालवायचा. अकरावी-बारावी मी त्याच्याकडेच राहून केली होती, आणि संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर त्यानेच मला गाडी शिकवली होती. त्याला मुलं नव्हती. मामी म्हणायची, पोरीच्या जातीला कायले शिकवता? मामा म्हणायचा, पोरगी असली म्हणून काय झालं, पाय तर पोहोचतात न क्लचवर. साहेबांच्या बदल्या झाल्या की गाड्या स्वस्तात निघायच्या, आणि कोणाची गाडी कशी वापरलेली आहे हे मामाला बरोबर माहीत असायचं. बाबा मला सोबत घेऊन गेले, कारण मला भद्रावतीचे रस्ते माहीत होते. गाडीबद्दल माझं मत विचारायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मामाने तीन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. पहिली पांढरी अँबेसिडर. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "हे गाभण म्हशीवानी आहे. चांगली आहे बिचारी, पन पटाची नाई." दुसरी एका लाकूड ठेकेदाराची जीप. मामाच्या मनात तीच होती. मामा म्हणाला, "भाऊजी, बांधीतून पळवाची तं जीपच पायजे. चारही चाकं ओढतात इचे." बाबांनी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, आजपर्यंत किती जणांनी चालवली? त्याने बोटं मोजली आणि सोडून दिलं. बाबा तिथूनच वळले. "दहा धुरकऱ्यांच्या हातचा बैल कोनाचाच नसते," ते म्हणाले; धुरकरी म्हणजे बैल हाकणारा. मामाने माझ्याकडे पाहून डोळे मिटले. आज मला वाटतं की मामाचंच बरोबर होतं. जीप घेतली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि मी हे लिहायला बसले नसते.

तिसरी गाडी पद्मिनी होती, मोरपंखी रंगाची, एका निवृत्त व्हायला आलेल्या साहेबांची. साहेब तिला रोज सकाळी स्वतः पुसायचे. आम्ही गेलो तेव्हाही पुसतच होते. बाबांनी चपला काढल्या. चांगला बैल दाखवतात तेव्हा ते चपला काढायचे. मग त्यांनी काम सुरू केलं. आधी वाकून चारही टायर पाहिले, हाताने चाचपले, एका कडेने झिजलेत की सारखे. खुर पाहतात तसे. मग साहेबांना म्हणाले, गाडी पुढे न्या, मी मागून पाहतो. मागून चाल पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात बैल घेतला नव्हता. बैल तिरका चालत असेल तर पुढून कळत नाही, मागूनच कळतं. मग सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरून श्वास पाहिला, तो सारखा येतोय की धापा टाकतोय. साहेब पाहतच राहिले होते. शेवटी बाबांनी बाजूला पडलेला पत्र्याचा डबा उचलून गाडीच्या तोंडाशी खणकन आपटला.

"हे काय करून राह्यले भाऊजी?" मामा म्हणाला.

"बुजते का पाह्यलं," बाबा शांतपणे म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "साहेब, येक रात राहू द्या तिले येका जागी. खाली पेपर टाका. सकाळी येऊन पाह्यतो."

"कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"रातभर काय गाळते, ते पाहाचं."

सकाळी पेपर कोरडा होता. साहेब इतके खूश झाले की त्यांनी भाव आपणहून उतरवला आणि आम्हाला पोहे खायला घातले. निघताना बाबा मला म्हणाले, "पाह्य जरा चालवून. मानेले कशी आहे?" मी कॉलनीत एक चक्कर मारून आले आणि सांगितलं, स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढतं. बाबांनी मान डोलावली. "डाव्या बाजूचा आहे मंग." जोडीत काही बैल डाव्या बाजूलाच चालतात, त्यात वाईट काही नसतं. एवढ्यावर सौदा झाला.

आता माझ्या भाच्याचा मुलगा मोबाइलवर जुन्या गाड्या पाहतो. त्यालाही अशीच स्वस्तातली घेऊन तिला पळती करायचं वेड आहे. बसल्या जागी अंगठ्याने एकेक गाडी सरकवतो, किती चालली, किती मालक झाले, इंजिन केवढं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मी विचारते, चालताना पाहिलीस का रे मागून? तो म्हणतो, आजी, फोटो आहेत न सगळ्या बाजूंनी. त्याच्या गाड्या काही वाईट निघत नाहीत, हेही खरं आहे.

गाडी घरी आली आणि आमच्या अंगणाचं रूप बदललं. मामा सुट्टी टाकून आला होता. त्याने इंजिनाचं हेड चंद्रपूरला नेऊन घासून आणलं, त्याने जोर वाढतो म्हणे. कार्बोरेटरमध्ये काहीतरी मोठं बसवलं, सायलेन्सर मधूनच कापला. गाडी सुरू केली की भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी थरथरायच्या. आईचं म्हणणं होतं की कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. मामाची सुट्टी संपली आणि तो गेला. जाताना एवढंच बोलला, "भाऊजी, आता हात नका लावू." बाबांनी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी पान्हा हातात घेतला. कारण त्यांच्या मते मुख्य काम अजून व्हायचंच होतं. छकडी म्हणजे काय? दोन चाकं, एक दांडी, बसायला चार बोटांची फळी. पटात जिंकतो तो हलका असतो, हे त्यांना त्यांच्या बापाने सांगितलं होतं आणि त्यांच्या बापाला त्यांच्या बापाने. मग मागची सीट निघाली. ती आईने ओसरीत ठेवून घेतली आणि तिच्यावर बसून ती लाखोरीची डाळ निवडायची. ती सीट पुढे कितीतरी वर्षं तिथेच होती. मग दारं निघाली, बंपर निघाले, डिकीचं झाकण, स्टेपनी, खालचे गालिचे, काचा. बॉनेट गोठ्याच्या भिंतीला टेकवलं, त्याच्याखाली कोंबडी खुडूक बसली. रोज संध्याकाळी बाबा गाडीभोवती फिरायचे आणि आणखी काय काढता येईल ते पाहायचे. बैलांचे खुर भरून येत होते, त्यांच्यावरून हात फिरवून ते गाडीकडे यायचे. मला तेव्हा वाटायचं की यांना आता मोकळं वाटतंय, आणि ते पाहून मलाही बरं वाटायचं. रागातही ते वाटायचं, याचं मला आज नवल वाटतं.

चालवणार कोण, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. माझा मोठा भाऊ दिगंबर ट्रॅक्टर चालवायचा, तोच चालवणार. पण एक दिवस धान मोजायचा काटा अंगणात आला होता, आणि बाबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी दिगंबरला काट्यावर उभं केलं. मग मला बोलावलं. मी हात पुसत आले आणि उभी राहिले. दिगंबर बाबांच्या अंगाचा, मी आईच्या. माझ्यात आणि त्याच्यात जवळजवळ अर्ध्या पोत्याचा फरक निघाला.

"शालू चालवन," बाबा म्हणाले.

"पोट्टी? पटात?" दिगंबरला हसू आवरेना.

"पट घड्याळाचा आहे बापा. घड्याळ पोट्टा-पोट्टी नाई पाह्यत, वजन पाह्यते."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अन् पाहुणे? गोविंदराव काय म्हनतील? पोरगी पाहाले येऊन राह्यले ते."

"पाह्यतील मंग," बाबा म्हणाले. त्यांच्या डोक्यात त्या वेळी पाहुणे नव्हतेच, फक्त अर्धं पोतं होतं. माझ्या डोक्यात मात्र पाहुणेच आले. मी मनात म्हटलं, बरं झालं. दारं नसलेल्या गाडीत बसून धुरळा उडवत पळणारी मुलगी कोणत्या घरच्यांना सून म्हणून चालेल? मला आणखी काही करायची गरजच नव्हती, फक्त जोरात चालवायचं होतं.

पाहुणे पटाच्या आदल्या दिवशी आले. घरात सकाळपासून लाखोरीच्या वड्यांचा घाणा चालू होता. तेलात वडा पडला की चर्र होऊन घरभर वास सुटायचा, आणि परसात कोंबडीच्या रश्श्याला उकळी फुटलेली. गोविंदराव मोठ्याने बोलणारे, मिशा राखणारे, खुशीत असणारे गृहस्थ. आल्या आल्या कोठ्यात जाऊन बैल पाहिले, हळहळले, मग गाडी पाहून पोट धरून हसले. त्यांचा मुलगा नरेश जेवताना फार बोलला नाही. वडे मात्र मागून घेऊन खाल्ले. जेवण झाल्यावर तो गाडीजवळ जाऊन वाकून खाली बघत होता, तेवढ्यात मी पाण्याची बादली घेऊन तिकडून गेले.

"तुमी चालवता म्हने," तो म्हणाला.

"हो."

"मागून लई हलकी केली इले."

"पटाची आहे," मी म्हटलं. बाबांच्याच तोऱ्यात म्हटलं असणार. तो हसला आणि बाजूला झाला. वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

पटाच्या दिवशी मैदानाच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती. भजी, जिलेबी, बांगड्या, फुगे, सगळं बैलांच्या पटासारखंच. फक्त घुंगरांच्या जागी हॉर्न. कमिटीने मैदान नेहमीप्रमाणे नांगरून मऊ करून ठेवलं होतं. मोटारीला मऊ माती नको असते, हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. बैलांच्या खुरांसाठी जे करतात ते त्यांनी मन लावून केलं. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. पहिल्या दोनतीन गाड्या अर्ध्यातच रुतल्या आणि ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागल्या. ठेकेदाराची एक जीप मात्र सरळ गेली, आणि सगळे धरून चालले की पट तिचाच.

माझं नाव पुकारलं तेव्हा माणसं हसली, मग शिट्ट्या वाजल्या. मी ओढणी कमरेला बांधली होती. झेंडी पडली. मी क्लच सोडला आणि गाडीने नुसता आवाज केला. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, मातीचा फवारा उडाला, गाडीचं बूड एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला गेलं, आणि सरळ जायच्या ऐवजी आम्ही नाचत नाचत कसेबसे टोकाला पोहोचलो. घड्याळवाल्याने वेळ सांगितली तेव्हा लहान पोरंही हसली. हरायचं मला भय नव्हतं. हे असं हसणं मात्र मला सहन झालं नाही, कारण ते बाबांवर होतं. बाबांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

मी गाडी परत आणली, तर बाबा पान्हा घेऊन तयार. "अजून काय काढता येते?" ते दिगंबरला विचारत होते. "हे समोरची सीट काढ. पाटा टाकून देऊ बसाले." भोवती माणसं जमली होती. उंटावरून शेळ्या हाकणारे तर पटात नेहमीच मुबलक असतात, प्रत्येकजण काहीतरी काढायला सांगत होता. तेवढ्यात नरेश पुढे आला.

"काका, काढू नका. मागं दोन पोते टाका धानाचे."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने देवळात चप्पल घालून पाय ठेवला. "पटात वजन घालते का कोनी? तुह्या बापाले इचार."

गोविंदराव म्हणाले, "त्याच्याकडं ध्यान नका देऊ हो."

नरेश मागे सरला. पण त्याचं बोलणं ऐकताच मला कळलं होतं. फेरीभर जे माझ्या बुडाखाली जाणवत होतं, त्याला त्याने शब्द दिले होते. मी गाडीतून उतरले. "बाबा, तो बरोबर सांगून राह्यला."

"तू गप राह्य."

"मी चालवली न. तुमी तं भाईर होते." एवढ्या माणसांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. पण मी थांबले नाही. "बाबा, छकडीले बैल समोर असते. इचे बैल मागं आहेत, मागच्या चाकात. आपन त्याच्यावरचं सारं काढून टाकलं. बैलाच्या खांद्यावर जूच टेकलं नाई, तं तो ओढन कसा?"

बाबा गाडीच्या मागे गेले. उघड्या डिकीत त्यांनी पाहिलं, मग हाताने मागचा भाग दाबून पाहिला. तो सहज खाली गेला आणि वर आला. बराच वेळ त्यांनी तसंच केलं. तीन पिढ्यांपासून चालत आलेली गोष्ट अशी उभ्या उभ्या सोडायची, तेही हजार माणसांसमोर आणि पोरीच्या सांगण्यावरून, हे त्यांना किती जड गेलं असेल याचा अंदाज मला आज येतो. मग त्यांनी पान्हा दिगंबरच्या हातात दिला आणि मैदानाच्या कडेला आमच्याच खळ्यावर पोती होती, तिकडे चालू लागले. पहिलं पोतं त्यांनी स्वतः खांद्यावर आणलं. दुसरं नरेशने आणलं. डिकीत टाकून दोरीने आवळलं.

दुसऱ्या फेरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जे नीट होतं त्याची आठवण कमीच राहते. झेंडी पडली, गाडी मागून बसली, चाकांनी माती धरली आणि आम्ही निघालो. दारं नसल्यामुळे धूळ तोंडावर येत होती. स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं, मी ते उजवीकडे धरून ठेवलं. एवढंच. टोकाला गाडी थांबवून मी मागे पाहिलं, तर माणसांची भिंत मोडली होती आणि सगळे माझ्याकडे धावत येत होते. जीपपेक्षा आमची वेळ कमी होती.

पटात जोडी जिंकली की मैदानावरच गिऱ्हाइकं येतात. मालकाच्या खांद्यावर हात ठेवतात, भाव विचारतात. बाबांना तो क्षण फार आवडायचा. ते कधी विकायचे नाहीत, पण विचारलेलं त्यांना आवडायचं. त्या दिवशीही कोणीतरी पद्मिनीचा भाव विचारला आणि बाबा हसत नाही म्हणाले. मी गाडीत बसूनच होते. एवढ्यात गर्दीतून वाट काढत गोविंदराव आले. त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी बाबांना मिठीच मारली.

"भाऊ, काय पोट्टी आहे! काय हात आहे तिचा! मी आयुष्य घातलं पटात, असा हात नाई पाह्यला. आता पाहाचं-बिहाचं काई नाई. पसंत आहे आमाले. आताच बोला. उद्या हळद लावा म्हटलं तं उद्या लावतो."

ज्या गोष्टीने हे मोडेल असं मी धरून चालले होते, तिनेच ते जमवलं होतं. पटाच्या माणसाला पटाची सून मिळत होती. भोवतीची माणसं टाळ्या वाजवायला लागली. बाबा जिंकलेले होते, दोस्ताच्या मिठीत होते, आणि सगळ्या गावासमोर मागणी आली होती. अशा वेळी बाप एकच उत्तर देतो. मी स्टिअरिंगला धरून बसले आणि समोरच्या पळसाकडे पाहत राहिले.

"भाव इचारून राह्यले का तुमी?" बाबा म्हणाले.

"आता भावच समजा न!" गोविंदराव हसले.

"बैलाले इचारता येत नाई," बाबा म्हणाले, "म्हनून त्याचा भाव मालक सांगते. हे तं बोलते. आताच बोलली, तुमी आइकलं. तिलेच इचारा."

मुलीला विचारायची गोविंदरावांना सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे कोणालाच नव्हती. त्यांनी मुलाकडे पाहिलं. नरेशच्या शर्टावर धानाचा कोंडा लागला होता.

"इचारा न बाबा," तो म्हणाला.

मग गोविंदरावांनी विचारलं. काय शब्दांत, ते आठवत नाही. मी वर्षभर मनात भाषणं तयार करून ठेवली होती, चंद्रपूरची, दवाखान्याची, जूनची. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी नरेशकडे पाहिलं, कारण त्याच्याकडे न पाहता सांगणं बरं दिसलं नसतं, आणि म्हटलं, "नाई."

टाळ्या थांबल्या. गोविंदराव मिशीवरून हात फिरवून गर्दीत निघून गेले. नरेशने मान हलवली आणि तोही त्यांच्यामागे गेला. बाबा माझ्या बाजूला आले. दार नव्हतंच, ते छतावर हात टेकून वाकले. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. थकलेले दिसत होते. दोस्त गेला होता त्यांचा, आणि तो परत आमच्या घरी कधी आला नाही.

"चंद्रपूरले कधी जावाचं आहे तुले?" त्यांनी विचारलं.